मुंबईत उतरायचे कुठे?

वऱ्हाडातल्या माणसाला मुंबई महाग पडते ती रात्री. दिवसाची मुंबई त्याच्या आवाक्यातली आहे. सीएसएमटीहून दादरपर्यंत लोकलच्या सेकंड क्लासला पाच रुपये लागतात, कल्याणपर्यंत पंधरा. बेस्टच्या बसचे कमीत कमी भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले, तरी अकोल्याच्या स्टेशनवरून गावात यायला रिक्षावाला मागतो त्याहून ते कमीच आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला पैसे पडत नाहीत, जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रे पाहायलाही नाहीत. पण रात्रीचे दहा वाजले की सगळा हिशेब फिरतो. स्टेशनाजवळच्या साध्या लॉजमध्ये हजार-दीड हजार मोजल्याशिवाय खोलीची किल्ली हातात पडत नाही, आणि खोलीत असते एक खाट, एक पंखा आणि खिडकी नसलेली भिंत. अमरावती-मुंबई स्लीपरचे तिकीट चारशेच्या आसपास आहे. म्हणजे वऱ्हाडातून मुंबई गाठायला जेवढे लागतात, त्याच्या तिप्पट पैसे तिथे एक रात्र पाठ टेकायला लागतात.

या पुस्तिकेचा सारा खटाटोप त्या एका रात्रीसाठी आहे. ही पुस्तिका लिहिणारी मुलेमुली अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातली. कुणी भरतीच्या परीक्षेला गेले, कुणी वडिलांना टाटा रुग्णालयात दाखवायला, कुणी मंत्रालयात अडकलेल्या कागदामागे, आणि काहीजण नुसती मुंबई बघायला. या शेवटच्यांचे मला विशेष कौतुक आहे. पाठीवर बॅग टाकून शहर बघायला निघणे हे आपल्याकडे अजून चैनीचे काम समजतात. घरातून पहिला प्रश्न येतो, "काऊन जाऊन ऱ्हायला रे मुंबईले? काय काम हाये तुहं तिथी?" काहीही काम नसताना आपल्या राज्याची राजधानी पाहण्याचा हक्क वीस वर्षांच्या पोराला आणि पोरीलाही आहे, आणि खिशात पैसे कमी आहेत म्हणून तो हक्क कमी होत नाही, असे मला मनापासून वाटते.

मुंबई आपली राजधानी झाली तीही फार जुनी गोष्ट नाही. रेल्वे आधीच आली होती. जीआयपी कंपनीची लाइन भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचली ती मुख्यतः कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीतून लिव्हरपूलला गेला आणि तिथल्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विकला गेला. कापूस गेला, पण माणूस फारसा गेला नाही. त्याचे कामच पडत नव्हते. १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, आणि अमरावतीचा माणूस सकाळी नागपूरला जाऊन कचेरीचे काम आटोपून रात्री घरी जेवायला येऊ शकायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, वऱ्हाड मुंबई राज्यात गेले आणि कचेरी एकदम लांब गेली. अकोल्याहून मुंबई रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर, बडनेऱ्याहून ६६० च्या वर. तेव्हापासून आपल्याकडच्या साध्या माणसालाही कधी ना कधी मुंबईत रात्र काढावी लागते.

कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसाने ही अडचण आपल्या परीने सोडवून ठेवली होती. गिरणगावात त्यांच्या गावांच्या नावाने खोल्या असत. गावचे मंडळ, मंडळाची खोली, खोलीत भिंतीला ओळीने लावलेल्या ट्रंका, आणि दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा झोपायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. या बायांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणून बांधली. गावाहून कुणी नवा पोरगा आला की खोलीचा पत्ता कागदावर लिहून दिला जायचा, बस. वऱ्हाडातला माणूस त्या प्रमाणात गिरण्यांत गेलाच नाही. त्यामुळे परळ-लालबागला दर्यापूरची खोली नाही, अकोटची नाही, वरुडचीही नाही. आज आपल्या मुलांना मुंबईत जे चाचपडावे लागते त्याचे मूळ इथे आहे. हुशारीत ती कुठे कमी नाहीत. त्यांच्या आधी गेलेल्यांनी तिथे जागा करून ठेवलेली नाही.

ती उणीव ज्याच्या ध्यानात आली तो माणूस मात्र आपल्याच मातीतला निघाला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या शेणगावचा. वाढले मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात. १९०५ मध्ये घर सोडले आणि पुढची पन्नास वर्षे एक गाडगे, एक खराटा आणि अंगावरच्या चिंध्या एवढ्या सामानावर महाराष्ट्र पालथा घातला. त्यांची झाडू आणि कीर्तने सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या मते त्यांचे तितकेच मोठे काम म्हणजे परक्या गावी गेलेल्या गरीब माणसाला रात्री कुठे झोपायचे हा प्रश्न त्यांनी धर्मकार्य म्हणून हातात घेतला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, जिथे जिथे गरीब माणूस गर्दीने जातो आणि उघड्यावर पडतो तिथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांना इतरांच्या धर्मशाळेत पाऊल टाकू देत नसत त्यांच्यासाठी होती, आणि पुढे ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

तीर्थाच्या गावी धर्मशाळा बांधणारे पुष्कळ झाले. मुंबईसारख्या शहरात रुग्णालय हेही एक तीर्थ आहे, गावोगावचा माणूस तिथे आशेने येतो आणि त्याच्या बायकोमुलांना फुटपाथवर निजावे लागते, हे गाडगेबाबांनी ओळखले. जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा त्यातून झाली. पुढे त्यांच्या मिशनने दादरला धर्मशाळा उभारली, आणि परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कितीतरी रुग्ण नातलगांसह तिथे महिनोन्‌महिने राहतात. दर्यापूरकडचा एखादा बाप एक्स-रेची पिवळी पाकिटे काखेत धरून दादर स्टेशनवर उतरतो आणि कुणालाही न विचारता धर्मशाळेच्या दिशेने चालू लागतो, कारण गावातला कुणीतरी आधी तिथे राहून आलेला असतो. या पुस्तिकेने इथे एक नियम घातला आहे आणि तो मला पूर्ण पटतो. ही जागा आजारी माणसांची आहे. हिंडायला आलेल्या धडधाकट पोराने तिथली खाट अडवू नये.

१९५६ चा तो शेवट वऱ्हाड आणि मुंबई या दोघांनाही विसरता येणार नाही. १ नोव्हेंबरला राज्य बदलले. त्याच महिन्यात गाडगेबाबांनी वांद्र्याला पोलिसांपुढे कीर्तन केले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. आंबेडकर गेले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांनी देह ठेवला. सगळे मिळून पन्नास दिवस. त्यानंतर दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विदर्भातून मुंबईला जो लोंढा जातो तो त्या दिवसांतूनच निघालेला आहे.

स्वस्तात मुंबई कशी करावी हे कुणाला प्रत्यक्ष बघायचे असेल तर त्याने ५ आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जावे. रेल्वे नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या सोडते, महापालिका मैदानात मांडव, पाणी आणि तात्पुरती शौचालये उभारते, पण बाकी सगळी व्यवस्था माणसे स्वतःची स्वतः करतात. आई आधी सतरंजी अंथरून जागा धरते. पिशव्या मध्ये ठेवायच्या, म्हातारी माणसे त्यांना टेकून, पोरे आतल्या बाजूला, जाणते पुरुष कडेला. फडक्यात बांधलेल्या भाकरी, चटणीचा डबा, घरून भरून आणलेली पाण्याची कॅन. मोबाइल आणि पैसे एकाच्याच कमरेला. पहाटेपासून रांगेत उभे राहून चैत्यभूमीचे दर्शन, आणि दुपारी पुस्तकांच्या स्टॉलवर. जेवणावर, राहण्यावर, रिक्षावर जो रुपया वाचवला तो इथे खर्च होतो. रोजमजुरी करणारी बाई बाबासाहेबांच्या ग्रंथाची किंमत विचारते, घासाघीस करत नाही, आणि पुस्तक भाकरीच्या रिकाम्या फडक्यात गुंडाळून घेते. कशावर वाचवायचे आणि कशावर खर्च करायचा याची इतकी स्वच्छ समज मी दुसऱ्या कुठल्या प्रवाशांत पाहिलेली नाही. पाठीवर बॅग टाकून जग फिरणाऱ्यांच्या पुस्तकांत जे सांगितलेले असते ते या बायका वर्षानुवर्षे करत आलेल्या आहेत.

परदेशी पाठपिशवीवाल्यांनीही मुंबईत आपली सोय लावली होती. ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीतले साल्व्हेशन आर्मीचे रेड शील्ड हाउस हा त्यांचा कित्येक वर्षांचा अड्डा. ज्या चौकात देशातल्या महागड्या खोल्या मिळतात, तिथेच स्वस्तातली सामाईक खोलीही. आता अंधेरी, वांद्रे, कुलाबा इकडे नव्या तऱ्हेची हॉस्टेले झाली आहेत. एका खोलीत सहा-आठ बंक, प्रत्येकाला पडदा, दिवा आणि कुलूपबंद कप्पा. एकट्या तरुण प्रवाशाला लॉजपेक्षा ही हॉस्टेले कितीतरी बरी, आणि अमरावतीचा पोरगा तिथे मणिपूरच्या आणि जर्मनीच्या पोराशी बोलतो हा वरचा फायदा. अडचण अशी, की म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन तिथे जाता येत नाही. मुंबई सेंट्रलला रेल्वेने नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू केले. ते स्वच्छ आहे, पण आपल्या हिशेबात स्वस्त म्हणता येणार नाही. त्यापेक्षा रेल्वेच्याच विश्रामगृहातली डॉर्मिटरी पाहावी. हातात गाडीचे पक्के तिकीट असले की त्याच्या पीएनआरवर ती ऑनलाइन मिळते. फक्त बघायला उशीर करू नये. या खाटा लवकर भरतात.

तरी माझा पहिला सल्ला हा, की जमेल तेव्हा मुंबईत रात्र काढूच नये. हे आपल्याला जमते, कारण गाडीच तशी आहे. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस संध्याकाळी अमरावतीहून निघते, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव करत पहाटे मुंबईत शिरते, आणि परतीची गाडी सीएसएमटीहून रात्री आठच्या सुमारास सुटते. म्हणजे मधला अख्खा दिवस तुमचा आणि दोन्ही रात्री गाडीत. एका दिवसाचे काम असेल तर लॉजचा प्रश्नच येत नाही. पाठीवरचे ओझे स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये ठेवायचे. तिथे दोन गोष्टी लागतात, प्रवासाचे तिकीट आणि बॅगेला कुलूप. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि आपल्याकडची अर्धी माणसे सुतळीने तोंड बांधलेल्या थैल्या घेऊन जातात. पहाटे साडेपाचला त्या खिडकीपुढे उभे राहून बाहेर कुलूप शोधण्यापेक्षा घरूनच चाळीस-पन्नास रुपयांचे कुलूप आणि चेनची बॅग न्यावी. आंघोळ प्रतीक्षालयात किंवा सुलभमध्ये होते. सकाळी आठ ते अकरा सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शिरू नये. शिरावेच लागले तर बॅग पाठीवरची पोटावर घ्यावी आणि आपले स्टेशन कुठल्या बाजूला येते ते चढतानाच विचारून ठेवावे. दोन-तीन दिवस नुसते फिरायचे असेल तर लोकलचे टुरिस्ट तिकीट एक, तीन किंवा पाच दिवसांचे मिळते. दर वेळी रांगेत उभे राहायला नको.

मुक्काम करावाच लागला तर कल्याण किंवा ठाण्याला करावा. आपल्या गाड्या तिथे थांबतात, लॉज तुलनेने परवडतात आणि लोकल पहाटेपासून आहे. पण तो निघण्याआधीच ठरवून ठेवावा. वारीला जाणारी माणसे हेच करतात. शेगावच्या पालखीत पहिल्या दिवशीच पुढचे सगळे मुक्काम ठरलेले असतात, चालायचे ते त्या बेताने. आपली मुले उलट करतात. गाडीत बसतात, मुंबईत उतरतात आणि मग फोन लावायला लागतात, "दादा, मुंबईले आलो हाओ, कुठी उतरू?" २०२३ मध्ये पोलीस भरतीला आलेली पोरे मुंबईच्या फुटपाथवर झोपलेली साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत पाहिली. सकाळी मैदानावर सोळाशे मीटर धावायचे आणि आदली रात्र डासांत काढायची. त्यात त्या पोरांचा दोष किती? ज्याने भरती बोलावली त्याने रात्रीची सोय करायला हवी होती, हे मी ठामपणे म्हणतो.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि जास्त कठीण आहे. एकट्या मुलीला खोली द्यायला लॉजवाले आजही का-कू करतात, आणि जे चटकन देतात तिथे आपणच जाऊ नये. मंत्रालयाच्या बाजूला मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएची जागा आहे. दर थोडे जास्त, पण तिथे पैसे वाचवू नयेत. आईवडिलांनी मुलीला मुंबईला जायला नाही म्हणण्याऐवजी त्या दोन रात्रींचे पैसे द्यावेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मंत्रालयाच्या कामासाठी जाणाऱ्यांचा जुना आधार म्हणजे आमदार निवास. आमदाराची चिठ्ठी असली की आकाशवाणी निवासात एका खोलीत दहाजण झोपलेले असायचे, खाली कँटीनमध्ये चहा. मनोरा हे दुसरे आमदार निवास पाडून नव्याने बांधायला घेतल्यापासून आकाशवाणीतल्या जागेची ओढाताण वाढली. शिवाय ही चिठ्ठी मागायला ओळख लागते, आणि ज्याची ओळख आहे त्याला या पुस्तिकेची गरज फारशी नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे अडत नाही. पहिल्या दिवसाची शिदोरी घरची न्यावी. ज्वारीची भाकर, ठेचा, दशम्या, दुसऱ्या दिवशीही चांगल्या लागतात. मग दादरचा वडापाव आहे. १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेर तो विकायला सुरुवात केली असे मानतात, आणि आजही गरीब माणसाचे दुपारचे जेवण त्यावर होते. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी, म्हणजे दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात, जिथे केंद्र चालू असेल तिथे अवश्य घ्यावी. दादरच्या गुरुद्वारात लंगर असतो. तिथे डोके झाकून, पंगतीत बसून, ताटात घेतलेले संपवून उठावे, आणि जमल्यास भांडी घासायला हात लावावा. गाडगेबाबा काम केल्याशिवाय कुणाच्या घरची भाकर खात नसत.

अमरावतीहून आता विमानही आहे. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. वाट सोपी झाली याचा मला आनंद आहे. पण वाट कितीही सोपी झाली तरी पोचलेल्या माणसाला झोपायला जागा लागतेच, आणि तिच्याविषयी बोलणारे कुणी दिसत नाही. वाशीला आसाम, केरळ, ओडिशा अशा राज्यांनी आपापली भवने बांधली आहेत. तिकडून मुंबईत आलेल्या माणसाला तिथे उतरता येते. वऱ्हाडाला ही गोष्ट अवघड का वाटावी? शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. माफक पैशांत स्वच्छ खोली, स्वच्छ संडास, आणि गरीब भक्ताशी आदराने बोलणारे सेवेकरी. डॉ. पंजाबराव देशमुखांनी खेड्यातल्या पोरांना शिकता यावे म्हणून अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवले. दुसऱ्याच्या पोराला आसरा देण्याचे काम वऱ्हाडाला नवे नाही.

म्हणून अमरावती आणि अकोल्याच्या शिक्षण संस्थांना, बाजार समित्यांना, सहकारी बँकांना आणि मुंबई-ठाण्यात स्थिरावलेल्या आपल्या माणसांना माझे सांगणे आहे, की ठाणे ते कल्याण या पट्ट्यात स्टेशनपासून चालत जाता येईल अशी एक इमारत घ्या. शंभर खाटा पुरेत. निम्म्या बायकांसाठी राखा, खाली कुलुपाचे कप्पे करा, वर संगमरवर लावू नका, आणि आमदाराची चिठ्ठी मागू नका. आधार कार्ड आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाचा कागद पुरे. नुसता मुंबई बघायला आलेला असेल तर तेही चालवून घ्या.

ते होईपर्यंत ही पुस्तिका आहे. तिच्यात दिलेले दर बदलतील, एखादी जागा बंद होईल, एखादी नवी निघेल. निघण्याआधी फोन करून विचारा, आणि परत आलात की जे बदललेले दिसले ते या मुलांना कळवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त होईल.